टिकलीखालचा कॅमेरा

१

माणसं जिवंत आहेत की नाहीत ते बघायचं, हे माझं काम होतं. ऐकायला भयंकर वाटतं, पण आहे साधंच. पेन्शन घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. ज्यांना ऑफिसात जाऊन सही करणं होत नाही, त्यांना आमच्या कंपनीतून व्हिडिओ कॉल जायचा आणि पलीकडे मी असायचे. "आजोबा, कॅमेऱ्याकडे बघा. डोळे मिटा. उघडा. आता मान डावीकडे." कॅमेऱ्यापुढे कुणी नुसता फोटो धरला तर फोटो काही पापणी मिटत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. नीट झालं की मी बटण दाबायचे, चौकटीत हिरवी खूण उमटायची आणि खाली अक्षरं यायची: हयात.

नोव्हेंबर ही आमची सुगी. दिवसाला चाळीस-चाळीस कॉल. त्यात नमुनेही भेटायचे. कासारसाईचे एक बंडोपंत आहेत, एक्याऐंशी वर्षांचे. आदल्या वर्षी डोळे मिटा म्हटल्यावर माझ्यावरच उखडले. "बाई, मी मेलो असतो तर फोन कोनी उचलला असता? माझा बाप?" पुढे मग स्वतःच इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी ठसका बघूनच हिरवी खूण दिली.

आम्ही तेव्हा हिंजवडीजवळच्या चांद्यात राहत होतो. जयसिंगकाका आणि रत्नाबाईकाकूंचं दुमजली घर आहे, त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्या आम्ही जूनपासून भाड्याने घेतल्या होत्या. माझे मिस्टर रईस हिंजवडीला एका गोदामात सुपरवायझर आहेत. ते सकाळी सातला जायचे. आठला जस्मीनची व्हॅन यायची. जस्मीन माझी मुलगी, सहा वर्षांची, पहिलीत. ती दीडला परत यायची. नऊ ते दीड घरात मी आणि कंपनीने दिलेला लॅपटॉप, एवढेच.

या लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचं मला पहिल्यापासून वावडं होतं. कॉल नसला तरी वरचे लोक तो कधीही उघडून माणूस खुर्चीत आहे की नाही ते बघू शकतात, असं कंपनीतल्या सगळ्याजणी म्हणायच्या. मी चिकटपट्टी लावून बघितली, तर काचेवर डिंक राहिला आणि दिवसभर म्हातारे विचारत राहिले की तुमच्याकडे धुकं पडलंय का. मग आमच्यातलीच कोथरूडची मृण्मयी म्हणाली, "अगं टिकली लाव. आम्ही सगळ्या तेच करतो. कॉल आला की काढायची, संपला की परत लावायची."

आता आमच्या घरात टिकली कुठून असणार? वर्गातल्या मुलींना असते म्हणून जस्मीन सारखी मागे लागायची आणि पौडला माझ्या सासूबाई, साबेरा, त्यावरून भुवया उंचावायच्या. म्हणून मी तो विषयच बंद ठेवला होता. पण खोलीत काकूंचं एक लोखंडी कपाट होतं, जड म्हणून वरच राहिलेलं. माझ्या खुर्चीच्या मागेच. त्याच्या आरशाच्या कडेला कुणीतरी जुन्या टिकल्या चिकटवून ठेवल्या होत्या, बायका झोपताना चिकटवतात तशा. सहा होत्या. त्यातली एक मी नखाने काढली, गडद लाल, बारीक सोनेरी कडेची. तिचा डिंक केव्हाच सुकला होता. बोटावर धरली तर गळून पडत होती.

कॅमेऱ्यावर मात्र ती पहिल्याच दाबात चिकटली.

२

आम्हा काम करणाऱ्यांनाही रोज सकाळी नऊला स्वतःची हयात द्यावी लागायची. म्हणजे खुर्चीत बसायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं, डोळे मिटायचे, उघडायचे, की हजेरी लागायची. मी त्याला गमतीने सकाळची नमाज म्हणायचे आणि रईस मला त्यावरून दटावायचे.

एका सोमवारी जस्मीनच्या डब्याच्या गडबडीत मी टिकली काढायची विसरले. तशीच बसले, बटण दाबलं, डोळे मिटले, उघडले. हिरवी खूण. हयात. पाणी प्यायला उठले तेव्हा लक्षात आलं की टिकली जागेवरच आहे.

मी परत बसले. पडद्यावरच्या छोट्या चौकटीत मी दिसत होते. मागे कपाट, आरसा, अर्धं उघडं दार, सगळं स्वच्छ. मी बोटाने टिकली चाचपली. भिंगाच्या बरोब्बर मधोमध होती.

मी काही भित्री नाही. बी.कॉम. झालेली बाई आहे, आणि भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो हे मला ठाऊक आहे. जुनी टिकली आहे, विरली असेल, कडेने उजेड जात असेल, असं मी स्वतःला समजावलं. फक्त एक गोष्ट मनातून जाईना. त्या चित्रात मी थोडी वेगळी दिसत होते. कॅमेरा रोज असतो त्यापेक्षा दोन बोटं खालून कुणी बघावं, तशी.

खाली अंगणात काकूंचे गडी भात झोडत होते. धप, धप, धप. त्या आवाजाने बरं वाटलं आणि मी पहिला कॉल लावला.

३

पुढच्या आठवड्यात निषादचा फोन आला. हा आमचा टीम लीडर, वयाने माझ्याहून लहान, म्हणून ताई म्हणतो.

"ताई, जेवणाची सुट्टी घेत जा हो. मला वरून विचारतात, ही बाई ब्रेक का घेत नाही म्हणून."

"घेते की. दीड ते दोन. जस्मीनला आणायला खाली जाते."

"रेकॉर्डला तर तुम्ही खुर्चीतच दिसताय."

"कधी?"

"रोजच. अकरा दिवस झाले. कॅमेरा ऑन आहे, तुम्ही बसलेल्या आहात. सरळ समोर बघत. एवढं काय बघता हो?"

मी हसले. हसायला हवं होतं म्हणून हसले. दीड वाजता मी रोज फाटकाशी उभी असते. व्हॅनवाला नथू रोज मला बघून हॉर्न वाजवतो आणि जस्मीनचं दप्तर माझ्या हातात देतो. तो साक्षीला आहे.

"जुनं चित्र अडकून राहत असेल," मी म्हटलं.

"हो, हँग होत असेल," निषाद म्हणाला. "एक काम करा, इनबिल्ट कॅमेरा डिसेबल करून टाका. मी सांगतो कसा ते. आणि बाहेरचा एक घ्या, आपल्याला चालतो."

तो फोनवर सांगत गेला आणि मी करत गेले. यादीत कॅमेऱ्याचं नाव सापडलं. त्यावर उजवं बटण, मग बंद करायचा पर्याय. खरंच बंद करायचा का, असं यंत्राने विचारलं. मी हो म्हटलं. टिकलीच्या कडेला एक बारीक उजेड होता, तो विझला. तो उजेड इतके दिवस तिथे होता हे मला विझल्यावर कळलं.

रविवारी रईस मला गाडीवरून भूगावला घेऊन गेले. दुकानदाराने काचेवर चार कॅमेरे मांडले आणि त्यांचं गुणगान सुरू केलं. मला चित्र किती सुंदर येतं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला एकच हवं होतं, वायर उपटली की तो आंधळा झाला पाहिजे.

"बरोबर बोलला मॅडम," दुकानदार म्हणाला. "इनबिल्ट म्हणजे घरातला माणूस. त्याला बाहेर कसा काढणार? बाहेरचा असला की केव्हापण चालता करता येतो."

रईसना ते फार आवडलं. घरी येईपर्यंत ते मला चिडवत होते की आता सासूबाईंना कळलं पाहिजे, तू घरातल्या माणसाचे डोळे बंद करून बाहेरचा आणलास. मी त्यांच्या पाठीत गुद्दा घातला. त्या दिवशी मी शेवटची मनापासून हसले असेन.

४

नवा कॅमेरा मी खिडकीत तीन पायांच्या छोट्या स्टँडवर ठेवला. त्याच्या चित्रात मी बाजूने दिसायचे, आणि माझ्यासमोर लॅपटॉपही. लॅपटॉपच्या पडद्याच्या वर, मधोमध, ती टिकली. आता तिचं काही काम नव्हतं. पण काढायला हात गेला नाही. बाजूने बघितलं की वाटायचं, टेबलाच्या पलीकडे कुणीतरी चपट्या, काळ्या तोंडाचं बसलंय आणि ते आणि मी समोरासमोर बघतोय. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण माझं डोकं त्या दिवसांत कुठवर गेलं होतं ते कळावं.

बुधवारी रत्नाबाईकाकू वर आल्या. नव्या तांदळाचं वाटीभर पीठ घेऊन. बोलता बोलता त्यांची नजर लॅपटॉपवर गेली आणि बोलणं तुटलं.

"ही कुटं गावली तुला?"

"टिकली? कपाटाच्या आरशावर होती. कॅमेरा झाकायला लावली. का, काय झालं काकू?"

त्यांनी वाटी खाली ठेवली, कपाटापाशी गेल्या आणि आरशाच्या कडेवरून बोट फिरवत टिकल्या मोजल्या. पाच. परत मोजल्या.

"आरोहीच्या हायेत ह्या," त्या म्हणाल्या. "आमच्या अमोलची बायको. तीबी हितंच बसायची दिवसभर, असल्याच डबड्याम्होरं. कंपनीचं काम करायची."

"कुठं असतात आता त्या?"

काकूंनी पदराने कपाळ पुसलं. "ती गेल्यापास्नं अमोल वाकडला ऱ्हातोय. त्यो ह्या खोलीत येत न्हाई."

मी म्हटलं, "काढून टाकते मी ती. तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाईट न्हाई गं," त्या म्हणाल्या आणि दाराकडे निघाल्या. उंबऱ्याशी थांबून मागे वळल्या. "आरशावर होती तवर बरं होतं. आरशात तिचं तिलाच दिसतंय." मग आवाज बदलून म्हणाल्या, "शबनूर, दुपारची पोरगी हितं एकटी ठेवू नगं. शाळंतनं आली की खाली माझ्याकडं धाड. समजलं का?"

"का पण काकू?"

"लई गोड पोरगी हाय तुझी," एवढंच त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या नेहमी एकेक पायरी थांबत उतरतात. त्या दिवशी थांबल्या नाहीत.

५

गुरुवारी नऊ वाजता बाहेरच्या कॅमेऱ्याने मला ओळखलं नाही. मी डोळे मिटले, उघडले. पडद्यावर लाल अक्षरं आली: चेहरा जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा. केस मागे घेतले. चष्मा काढला. दिवा लावला. चेहरा जुळत नाही. सहा वेळा.

निषादला फोन केला.

"काय म्हणताय ताई? तुमची हजेरी लागलीये. नऊ वाजून दोन मिनिटांनी. हिरवं आहे."

"कशी लागेल? मला घेतच नाहीये."

"लागलीये हो. इनबिल्टवरून. परत चालू केलात का?"

मी फोन ठेवला आणि यादी उघडली. बंद केलेला कॅमेरा चालू होता. टिकलीच्या कडेला तो बारीक उजेड होता. तरी मी त्याचं चित्र उघडलं. न बघता राहण्यापेक्षा बघणं बरं, असा माझा स्वभाव.

चित्रात खोली होती आणि खुर्चीत मी होते. मागे कपाट. तसूभर काही वेगळं नव्हतं. मी हात हलवला, तिनेही हलवला. मी नि:श्वास सोडला. मग चित्र क्षणभर काळं झालं आणि परत आलं. नेट गेलं असेल. चार सेकंदांनी परत काळं, परत आलं. मग तीन सेकंदांनी. मग दोनदा लागोपाठ.

मी बघत राहिले. नेट असं जात नाही. नेट गेलं की चित्र गोठतं, चौकोन चौकोन होतं, आवाज तुटतो. हे वरून खाली काळं होत होतं आणि खालून वर उघडत होतं. वेळही सारखा नव्हता, पण मिनिटाला पंधरा-सोळा वेळा. हा आकडा मला कुणी सांगायला नको. दोन वर्षं मी दिवसाला चाळीस माणसांचा हा आकडा बघत होते.

चित्र पापणी मिटत होतं.

टिकली कपाळावर असते. डोळे तिच्या दोन बोटं खाली असतात.

६

रईसना सगळं सांगायचं मी ठरवलं, आणि फोनवर त्यांचा आवाज ऐकल्यावर अर्धंच सांगितलं. लॅपटॉप बिघडलाय, मला भीती वाटते, एवढं. ते म्हणाले, शनिवारी कंपनीत देऊन टाकू, दोन दिवस काढ. नोकरी सोड असं ते म्हणाले नाहीत आणि मलाही सोडायची नव्हती. गोदामाचं काम कंत्राटी, कधी जाईल नेम नाही. जस्मीनची शाळा माझ्या पगारावर चालते.

शुक्रवारी सकाळी मी टिकली काढली. निघणार नाही असं वाटत होतं, पण नख लागताच सुटली. भिंगावर डिंकाचा डागही नव्हता. फेकायचा धीर झाला नाही. काकू म्हणाल्या होत्या ते आठवलं आणि ती मी आरशाच्या कडेला, होती तिथेच लावली. परत सहा झाल्या. आतला कॅमेरा बंद केला, वर जाड कागद चिकटवला. बाहेरच्याने मला पहिल्या झटक्यात ओळखलं. हयात. मला रडूच आलं.

सकाळ छान गेली. काकू आणि काका दोघंही खालच्या खाचरात भात कापायला गेले होते. मी नथूला सांगून ठेवलं होतं की आज जस्मीनला फाटकात न सोडता जिन्यापर्यंत आण, माझा कॉल लांबेल. दीडला पाच मिनिटं असताना बंडोपंतांचा कॉल लागला.

"नमस्कार आजोबा. ओळखलंत का?"

"वळखलं की. हयातवाली बाई." यंदा ते थकले होते, पण डोळ्यांत तीच मिस्कील चमक होती.

"डोळे मिटा बघू."

त्यांनी मिटले, उघडले, आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिले. "आता तुमी मिटा."

"मी कशाला?"

"मघाधरनं बघतुया मी. तुमी येकदाबी मिटलं न्हाईत."

मी हसले. "काहीतरीच काय आजोबा." आणि त्यांच्या समाधानासाठी डोळे घट्ट मिटून उघडले. "झालं?"

बंडोपंत हसत नव्हते. "न्हाई मिटलं," ते म्हणाले. "परत मिटा."

मी परत मिटले. तीनपर्यंत मोजलं, मग उघडले.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "मी मस्करी करत न्हाई. मी म्हातारा मानूस हाय. तुमच्या घरात कुनी मोटं हाय का? त्यास्नी बोलवा." आणि त्यांनी फोन बंद केला.

कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत मी होते. मी तिच्याकडे बघत डोळे मिटले. पण त्यात काय अडचण आहे ते कुणालाही कळेल. आपली पापणी मिटलेली आपल्याला कधीच दिसत नाही. उघडल्यावर चौकटीत ती माझ्याकडे बघतच होती, आणि मधल्या वेळात तिने काय केलं ते कळायला मला मार्ग नव्हता.

जिन्यावर जस्मीनच्या बुटांचा आवाज आला. दार वाजलं. बाहेरच्या खोलीत दप्तर पडलं. मग ती कपाटाच्या बाजूने माझ्या मागून गेली, फ्रॉकची कड माझ्या खुर्चीला घासली. मी चौकटीवरची नजर काढली नाही. दोन मिनिटं असतील, फार तर तीन. तेवढं माझं चुकलं. आयुष्यभर मी ती तीन मिनिटं मोजत बसणार आहे.

७

"अम्मी, बघ ना!"

जस्मीन माझ्यासमोर, टेबल आणि भिंतीच्या मधे येऊन उभी होती. तिच्या कपाळावर टिकली होती. गडद लाल, सोनेरी कडेची, बरोब्बर मधोमध.

"कुणी लावली?"

"तूच की! आत्ता, आरशापाशी. तू म्हणालीस, सासूबाईंना सांगू नको."

मी सासूबाई म्हणते. जस्मीन दादीअम्मी म्हणते.

मी हात पुढे केला आणि तेव्हाच पडद्यावरचं चित्र बदललं. खिडकीतल्या कॅमेऱ्याची वायर मी कधी ओढली होती ते आठवत नाही, पण ती माझ्या मांडीवर पडली होती. चित्र तरीही येत होतं. ते खालून होतं, सहा वर्षांच्या मुलीच्या उंचीवरून. त्यात मी खुर्चीत बसलेली दिसत होते, हात पुढे केलेली. पण मी कडेला होते. चित्राच्या मधोमध मी नव्हते.

"जस्मीन," मी म्हटलं. माझा आवाज मला कॉलवरचा वाटला. "डोळे मिट."

तिने शहाण्या मुलीसारखे मिटले. पडदा काळा झाला.

"उघड."

चित्र आलं. जस्मीन हसत होती, पण माझ्याकडे बघून नाही. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे होती. मी वळले नाही. पडद्यावर बघितलं. माझ्या मागे कपाटाचा आरसा होता, आणि आरशाच्या अलीकडे माझाच पोपटी कुर्ता घातलेली एक बाई उभी होती. मान किंचित वाकडी करून, लेकराकडे बघतात तशी. तोंड पूर्ण दिसण्याआधी मी पडदा खाडकन खाली आपटला.

मिटता मिटता एवढं दिसलं. हिरवी खूण. हयात.

मी जस्मीनला उचललं आणि जिना उतरून भाताच्या खाचरापर्यंत अनवाणी पळत गेले. रत्नाबाईकाकूंनी मला बघितलं, पोरीचं कपाळ बघितलं आणि हातातला विळा खाली टाकला. त्यांनी स्वतःच्या हाताने ती टिकली काढली. सहज निघाली. मग त्या जस्मीनच्या कपाळावर पुन्हा पुन्हा पदर फिरवत राहिल्या.

८

आता आम्ही पौडला, सासूबाईंकडे राहतो. त्या दिवसानंतर मी माडीवर पाय ठेवला नाही. सामान रईसनी आणलं. लॅपटॉप कंपनीत गेला, नोकरी गेली. गेल्या महिन्यात निषादचा एकदा फोन येऊन गेला. माझी हजेरी अजून रोज नऊ वाजून दोन मिनिटांनी लागते, तुमच्याकडे काही चालू राहिलंय का, असं विचारत होता. मी म्हटलं, तुमचा लॅपटॉप तुमच्या कपाटात आहे, तिथे बघा.

हे सगळं मला सोसलं असतं.

जस्मीन जेवते, खेळते, शाळेत जाते. रईस म्हणतात, पोरगी ठणठणीत आहे, तूच वाळत चाललीस. पण तिच्या कपाळावर टिकलीच्या आकाराचा फिकट डाग राहिलाय, तो साबणाने जात नाही. आणि ती माझ्या कुशीत येत नाही. मी भरवायला गेले की ताट बाजूला ओढून दादीअम्मीकडे सरकते. मला हाक मारायची वेळ आली की नुसती बघत राहते.

परवा मी तिला समोर बसवलं आणि खेळ म्हणून सगळं केलं. डोळे मिट. उघड. मान डावीकडे. उजवीकडे. नाव सांग. तिने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं.

"आणि मी कोण?"

तिने माझा चेहरा नीट न्याहाळला. कपाळापाशी तिची नजर थांबली. मग पाहुण्या बाईशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, "मला आमच्या घरी सोडा ना. अम्मी वाट बघत असेल."

मी रात्रभर रडले. रईसनी पाठीवर हात ठेवला, पण त्यांना मी काय सांगणार होते?

आज सकाळी मी बाजारात जाऊन टिकल्यांचं पाकीट आणलं. गडद लाल, सोनेरी कडेच्या. सासूबाई दर्ग्यात गेल्या होत्या. नऊ वाजता न्हाणीघरातल्या छोट्या आरशापुढे उभी राहिले. बराच वेळ नुसतं पाकीट धरून होते. मी कुणाची जागा घ्यायला निघालेय, की कुणाला माझी जागा देतेय, हे मला कळत नव्हतं. पण सहा वर्षांची लेक आईला ओळखत नाही, हे काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. मी एक टिकली काढली आणि कपाळावर दाबली. पहिल्याच दाबात चिकटली.

बाहेर आले तर जस्मीन अंगणात गणवेश घालून उभी होती. तिने वर बघितलं. हातातली बाटली टाकली आणि धावत येऊन माझ्या कमरेला मिठी घातली, इतकी घट्ट की मला श्वास घेता येईना.

"अम्मी! कुठं होतीस गं इतके दिवस?"

"इथंच," मी म्हटलं. तिचं डोकं पोटाशी धरलं आणि डोळे मिटून घेतले. म्हणजे, मी मिटले. मिटले की नाही, ते समोरच्यानेच सांगायचं असतं.